परचक्र आणि तिऱ्हाइताचा धर्म

कुरुक्षेत्रावर दोन सेना समोरासमोर उभ्या राहिल्या, त्या वेळी भरतखंडातील बहुतेक राजे एका ना एका पक्षास जाऊन मिळाले होते. बलराम मात्र दोन्ही पक्षांवरील ममतेमुळे तीर्थयात्रेस निघून गेला. आणि विदर्भाचा रुक्मी आपल्या बळाची प्रौढी मिरवीत प्रथम पांडवांकडे व नंतर दुर्योधनाकडे गेला असता दोघांनीही त्यास परत पाठविले. गीतेचे नित्य पठण करणाऱ्या गृहस्थाच्या मनात अर्जुनाचा प्रश्न घर करून असतो: आपल्यावर येऊन ठेपलेले युद्ध करावे की टाकावे? परंतु बलरामाच्या व रुक्मीच्या वाट्यास आलेला प्रश्न निराळा आहे, आणि आजच्या जगात तोच अधिक वेळा उभा राहतो. एका राज्यावर दुसरे राज्य सैन्यानिशी चालून गेले, तर ज्यांच्या सीमेस धक्काही लागलेला नाही अशा तिऱ्हाईत राष्ट्रांचा धर्म कोणता?

ह्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर ‘उदासीन राहावे’ हे होय. आणि ते सोपे असल्यामुळेच त्यास गीतेचा आधार दाखविण्याचा मोह पुष्कळांस होतो. बाराव्या अध्यायात भगवंतास प्रिय असणाऱ्या भक्ताच्या लक्षणांमध्ये उदासीनता सांगितली आहे. चौदाव्या अध्यायातील गुणातीत पुरुषही उदासीनासारखा स्थिर बसलेला असतो. मग राष्ट्राने उदासीन राहण्यात वावगे ते काय, असे विचारले जाते.

येथे शब्दाची फोड करणे अवश्य आहे. ‘उद्’ आणि ‘आसीन’ मिळून हा शब्द झाला. वर किंवा अलग बसलेला, असा त्याचा अर्थ. पण अलग कशापासून? भक्त अलग बसतो तो स्वतःच्या लाभहानीपासून आणि मानापमानापासून; दुसऱ्याच्या दुःखापासून नव्हे. त्याच बाराव्या अध्यायात, त्याच भक्ताच्या वर्णनात, उदासीनतेच्याही आधी मैत्री आणि करुणा ही लक्षणे सांगितली आहेत, हे विसरता कामा नये. जे राष्ट्र आपला व्यापार बुडू नये म्हणून उदासीन राहते, ते स्वतःच्या लाभास घट्ट चिकटून बसलेले असते आणि अलग होते ते केवळ परदुःखापासून. शब्द तोच राहिला, अर्थ मात्र नेमका उलटा झाला.

राजनीतिशास्त्राकडे पाहिले तरी हीच गोष्ट दिसते. कौटिल्याच्या मंडलविचारात उदासीन राजा म्हणजे भित्रा किंवा अंग चोरणारा राजा नव्हे. विजिगीषू, त्याचा शत्रू आणि मध्यम ह्या तिघांच्या कक्षेबाहेरचा, त्यांच्याहून बलवान, आणि त्यांच्यापैकी कोणासही साहाय्य किंवा निग्रह करण्यास समर्थ असलेला तो उदासीन. म्हणजे तेथे हे नाव एका सामर्थ्याचे आहे. काही न करण्याच्या व्रताचे नाही. सामर्थ्य आहे म्हटले की त्याच्या विनियोगाचा प्रश्न आलाच, आणि विनियोगाचा प्रश्न आला की धर्माधर्माचा विचार टळत नाही.

विचार हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण नीट पाहणे बरे. हबशांचा देश म्हणून महाराष्ट्रास पूर्वीपासून ठाऊक असलेले ॲबिसीनिया, म्हणजेच इथिओपिया, १९२३ साली राष्ट्रसंघाचे सभासद झाले. राष्ट्रसंघाच्या करारान्वये प्रत्येक सभासदाने वचन दिले होते की, करार मोडून कोणी एका सभासदावर युद्ध लादले तर ते सर्वांवरच लादले असे मानले जाईल आणि त्या आक्रमकाशी व्यापार व धनव्यवहार तोडला जाईल. इटलीही त्या करारात होती. शिवाय १९२८ साली तिने इथिओपियाशी स्वतंत्र मैत्रीचा तह केला होता. असे असता ३ ऑक्टोबर १९३५ रोजी, युद्धाची घोषणाही न करता, मुसोलिनीचे सैन्य एरिट्रियातून मारेब नदी ओलांडून इथिओपियात शिरले. पुढील महिन्यांत इटलीच्या विमानांनी त्या देशातील सैनिकांवर व गावांवर मस्टर्ड गॅस नावाचा, कातडी जाळून टाकणारा विषारी वायू टाकला. रेड क्रॉसच्या रुग्णपथकावरही बाँब पडले.

स्मृतिकारांनी आततायी सहा प्रकारचे सांगितले आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारून येणारा, धन लुटणारा, भूमी हिरावणारा आणि स्त्रीचे अपहरण करणारा. ह्या लक्षणांपैकी आग, विष, शस्त्र आणि भूमिहरण ही चार तर जगाच्या डोळ्यांसमोर उघड होती. न्यायनिवाडा करण्यास कोणतीही अडचण नव्हती, आणि राष्ट्रसंघाने तो केलाही. काही दिवसांतच सुमारे पन्नास राष्ट्रांनी इटलीस आक्रमक ठरविले, आणि १८ नोव्हेंबर १९३५ पासून तिच्याशी व्यापारबंदी सुरू झाली.

परंतु बंदी कशावर होती हे पाहण्यासारखे आहे. शस्त्रे, कर्जे, रबर, कथील इतकेच नव्हे, तर ओझे वाहणारी खेचरे व गाढवेदेखील इटलीस विकू नयेत असे ठरले. तेल आणि कोळसा मात्र वगळण्यात आले. इटलीच्या रणगाड्यांना व विमानांना लागणारे तेल जवळजवळ सर्वच बाहेरून येत होते. ते थांबविले असते तर युद्ध थांबले असते, आणि म्हणूनच ते थांबविले नाही. कारण तसे केल्यास मुसोलिनी रागावेल अशी धास्ती होती. सुएझचा कालवाही खुला राहिला, आणि इटलीची सैन्याने भरलेली जहाजे कर भरून त्यातून जात राहिली. डिसेंबरात ब्रिटनचा परराष्ट्रमंत्री होअर आणि फ्रान्सचा लाव्हाल ह्या दोघांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीच्या पदरात टाकण्याची योजना गुपचूप तयार केली. ५ मे १९३६ रोजी इटलीचे सैन्य आदिस अबाबात शिरले. ३० जून रोजी सम्राट हैले सेलासी जिनेव्हास राष्ट्रसंघापुढे उभा राहिला, तेव्हा इटलीच्या वार्ताहरांनी शिट्ट्या वाजवून त्याचा उपहास केला. आपल्या प्रजेस कोणते उत्तर नेऊन द्यावे, असे त्याने राष्ट्रांना विचारले. उत्तर त्याच पंधरवड्यात मिळाले: १५ जुलैपासून व्यापारबंदी उठविण्यात आली.

ह्या साऱ्या वर्तनास गीतेच्या अठराव्या अध्यायाची कसोटी लावून पाहावी. तेथे त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. ते कष्टाचे आहे म्हणून, देहास त्रास होईल ह्या भयाने सोडणे हा राजस त्याग. आणि कर्म न सोडता त्यातील आसक्ती व फलाची आशा सोडणे हा सात्त्विक त्याग. तटस्थता हाही एक त्यागच आहे; मग तो तिहींपैकी कोणत्या जातीचा, एवढेच विचारावयाचे.

युद्धाच्या आरंभापूर्वी ब्रिटन व फ्रान्स ह्यांनी दोन्ही देशांस शस्त्रे विकण्याचे बंद केले, आणि अमेरिकेने ऑगस्ट १९३५ मध्ये युद्ध करणाऱ्या कोणासही शस्त्रे न देण्याचा कायदा केला. इटलीजवळ स्वतःचे शस्त्रांचे कारखाने होते. इथिओपियाजवळ ते जवळजवळ नव्हतेच. बंदी दोघांवर सारखी, पण मरण एकाच्याच वाट्यास. हे समत्व नव्हे, हा मोह होय. पाचव्या अध्यायातील ज्ञानी पुरुष गाय, हत्ती, कुत्रा ह्या सर्वांच्या ठायी एकच आत्मतत्त्व पाहतो; म्हणून तो गायीपुढे व कुत्र्यापुढे एकच चारा टाकीत नाही. दृष्टी सम असावी, वागणूक ज्याच्या त्याच्या स्थितीस अनुसरून असावी. वार करणारा आणि वार झेलणारा ह्यांस एकाच मापाने मोजणारी तटस्थता तामस होय. तेल चालू ठेवणारी बंदी ही राजस होय. तिच्यात कर्तव्याची जाणीव आहे, पण कष्टाचे भय त्याहून मोठे आहे. राजस त्यागाने त्यागाचे फळ मिळत नाही असे गीतेने तेथेच सांगून ठेवले आहे. इथिओपियाही वाचला नाही, आणि ज्या शांततेसाठी त्याचा बळी दिला ती शांतताही टिकली नाही; थोड्याच वर्षांत सारे युरोप पेटले.

आता आक्षेपांचा विचार केला पाहिजे. कारण ते क्षुद्र नाहीत.

पहिला आक्षेप असा की, परधर्म भयावह असल्याचे गीताच सांगते. दुसऱ्याच्या भांडणात पडणे हा परधर्मच नव्हे काय? ह्याचे उत्तर असे की, दिलेले वचन पाळणे हे दुसऱ्याचे कर्म नव्हे, ते स्वतःचेच कर्म आहे. राष्ट्रसंघाच्या सभासदांनी सही केली तेव्हाच इथिओपियाचे रक्षण हा त्यांच्या स्वधर्माचा भाग झाला. आज संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९४५ च्या सनदेवर ज्यांची सही आहे, त्यांचीही स्थिती हीच आहे. आणि जेथे वचन नाही तेथेही शेजाऱ्याच्या घरास आग लागली असता घागर घेऊन धावणे हा कोणत्या गृहस्थाने परधर्म मानला आहे?

दुसरा आक्षेप अधिक बोचणारा आहे. साहाय्य करणाऱ्यांचे हात तरी कोठे स्वच्छ होते? ब्रिटन व फ्रान्स ह्यांनी स्वतः अर्धे जग गिळले होते. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद असूनही पारतंत्र्यात होता. ही टीका खरीच होती. पण पूर्वी एकाने चोरी केली म्हणून आज दुसऱ्याची चोरी क्षम्य होत नाही. आणि चोरी केलेल्याने आज आरडाओरडा करून शेजाऱ्यास जागे केले, तर त्या ओरडण्यात पाप नाही. अग्नीस धूर असतो तसा प्रत्येक आरंभास काही ना काही दोष चिकटलेला असतो, म्हणून सहज कर्म टाकू नये, हा अठराव्या अध्यायाचाच उपदेश आहे.

तिसरा आक्षेप पीडिताविषयीचा. इथिओपियात गुलामगिरीची चाल होती, आणि इटलीने त्याच गोष्टीचा डंका पिटला. पीडित निर्दोष नसेल तर त्याच्या साहाय्यास जावे काय? ह्या आक्षेपाचे उत्तर विराटपर्वात आहे. आणि परचक्राच्या वेळी तिऱ्हाइताने कसे वागावे ह्याचा इतका पूर्ण दृष्टान्त दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पांडव मत्स्यदेशी अज्ञातवासात होते. ओळखले गेल्यास पुन्हा बारा वर्षांचा वनवास ठरलेला. ज्याच्या आश्रयास ते होते तो विराट काही आदर्श राजा नव्हता. कीचकाने भर सभेत द्रौपदीस लाथ मारली, तिने दाद मागितली, तरी विराटाने न्याय दिला नाही. तो अपमान ताजा असतानाच त्रिगर्ताचा सुशर्मा मत्स्यदेशावर चालून आला आणि त्याने गायी हाकून नेल्या. पांडवांनी मनात आणले असते तर ‘ह्याच राजाने आपल्या पत्नीचा अपमान पाहिला’ असे म्हणून ते स्वस्थ बसले असते. आणि ओळख लपविण्याचे कारण तर त्यांच्यापाशी तयारच होते. पण चार भाऊ वेष पालटलेले असतानाच विराटाबरोबर निघाले. रात्रीच्या युद्धात सुशर्म्याने विराटास जिवंत पकडून नेले, तेव्हा युधिष्ठिराने भीमास पाठविले. भीम सवयीप्रमाणे झाड उपटू लागला. युधिष्ठिराने त्यास अडविले आणि लोक ओळखणार नाहीत असे साधे शस्त्र घेण्यास सांगितले. भीमाने विराटास सोडविले व सुशर्म्यास बांधून आणले. त्याने आपण दास झाल्याचे कबूल करावे असा भीमाचा आग्रह होता. युधिष्ठिराने मात्र, पुन्हा असे करू नकोस, एवढेच बजावून त्यास मुक्त केले.

ह्या कथेत तिऱ्हाइताच्या धर्माची चारही अंगे आली आहेत. साहाय्य करताना स्वतःस काही सोसावे लागेल हे जाणूनही ते केले. पीडिताच्या दोषांचा हिशेब संकटाच्या वेळी मांडला नाही. शक्तीचे प्रदर्शन न करता कामापुरतेच बळ वापरले. आणि आक्रमण परतविल्यावर आक्रमकास दास करण्याचा मोह आवरला; त्रिगर्ताची एक वीतभर भूमीही घेतली नाही. पहिली दोन अंगे नसतील तर साहाय्य होतच नाही. शेवटची दोन नसतील तर साहाय्यातूनच दुसरे आक्रमण जन्मास येते.

ह्या शेवटच्या दोन अंगांचे महत्त्व कोरियाने दाखवून दिले. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाचे सैन्य दक्षिणेत शिरले, तेव्हा भारताने आक्रमकास आक्रमक म्हणणाऱ्या ठरावास मान्यता दिली. लढणारे सैन्य पाठविले नाही, पण साठावे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. आक्रमण परतविल्यावर ३८ व्या अक्षांशापलीकडे सैन्य गेल्यास चीन युद्धात उतरेल, हा इशाराही भारताच्या राजदूताच्या द्वारे पोचविण्यात आला होता. तो मानला गेला नाही, आणि युद्ध जुलै १९५३ पर्यंत लांबले. युद्ध थांबल्यावर युद्धकैद्यांच्या परतीचा प्रश्न सोडविण्याचे नाजूक काम जनरल थिमय्या ह्यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाकडे आणि जनरल शंकरराव थोरात ह्यांच्या हाताखालील भारतीय दलाकडे सोपविले गेले. गीतेच्या सहाव्या अध्यायात उदासीन आणि मध्यस्थ हे दोन शब्द वेगवेगळे आले आहेत. भाष्यकारांच्या मते उदासीन कोणाचाच पक्ष घेत नाही, आणि मध्यस्थ विरोधी असलेल्या दोघांचेही हित पाहतो. आक्रमकास आक्रमक म्हणूनही त्याच्या कैद्यांचे हित पाहता येते, हे त्या दलाने सिद्ध केले. मध्यस्थास सत्य सांगण्याची मनाई नसते. किंबहुना सत्य सांगितल्यावाचून त्याच्या मध्यस्थीस वजन येत नाही.

उलट बाजूही आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळले, तेव्हा चारच दिवसांत जगाने कडक व्यापारबंदी घातली, आणि फेब्रुवारी १९९१ अखेर कुवेत मुक्तही झाले. जे १९३५ साली जमले नाही ते जमले. परंतु ती बंदी नंतरही, थोड्याबहुत सवलतींसह, २००३ पर्यंत चालली, आणि तिचा भार राजवाड्यावर न पडता अन्न व औषध ह्यांस मोताद झालेल्या सामान्य घरांवर पडला. युधिष्ठिराने सुशर्म्यास ज्या क्षणी सोडले, तो क्षण ओळखता येणे हे सैन्य पाठविण्याइतकेच अवघड कर्म आहे.

ह्या सर्वांत गृहस्थाचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध थेट चुलीपर्यंत आहे. होअर व लाव्हाल ह्यांची योजना वर्तमानपत्रांतून फुटली, तेव्हा ब्रिटनमधील सामान्य लोकांच्या संतापामुळेच होअर ह्यास काही दिवसांत पद सोडावे लागले. त्याच वर्षी झालेल्या एका लोकमतपाहणीत त्या देशातील एक कोटीहून अधिक स्त्रीपुरुषांनी आक्रमकावर आर्थिक निर्बंध घालण्याच्या बाजूने मत नोंदविले होते. गृहस्थांची इच्छा मंत्र्यांच्या धैर्यापुढे गेलेली होती. भारतातही फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरल्यावर सूर्यफुलाचे तेल महागले, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले. आणि रशियाचे खनिज तेल सवलतीच्या भावाने मिळू लागताच भारताने ते पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक घेतले. कोट्यवधी गरिबांच्या घरातील दिवा आणि चूल हाही धर्माचाच विषय आहे. तो तुच्छ मानून निवाडा देणे योग्य नव्हे. पण निवाडा करताना प्रत्येक गृहस्थाने एक प्रश्न स्वतःस विचारावा: हे गरज म्हणून चालले आहे, भयाने चालले आहे, की स्वस्त मिळते एवढ्यासाठी? पहिल्याचे समर्थन होऊ शकते, दुसरे राजस आहे, आणि तिसऱ्यास उदासीनतेचे भगवे वस्त्र चढविणे हा दंभ आहे.

दुर्बल राष्ट्राने काय करावे, ह्याचे उत्तर मेक्सिकोने दिले होते. इथिओपियास सैन्य पाठविणे त्यास शक्य नव्हते; पण इटलीचा ताबा त्याने कधीही मान्य केला नाही, आणि ब्रिटनने १९३८ मध्ये तो मान्य केल्यावरही आपले म्हणणे बदलले नाही. आदिस अबाबातील एक चौक आजही मेक्सिकोच्या नावाने ओळखला जातो. खोट्यास खरे न म्हणणे हे कर्म अल्प दिसते. परंतु ह्या धर्माचे स्वल्प आचरणही वाया जात नाही, असे आश्वासन भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात दिलेच आहे.

१९४१ च्या मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनचे डोंगर इटलीकडून जिंकले गेले. तेथे लढलेल्या हिंदी सैन्यात मराठा पलटणीचे जवानही होते. ज्यांचा स्वतःचा देश अद्याप परतंत्र होता, अशा घरांतील ते मुलगे. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडली त्याच तिथीस बरोबर पाच वर्षांनी, हैले सेलासी आदिस अबाबास परतला. पुढे कोरियावर संकट आले तेव्हा ज्या राष्ट्रांनी सैन्य पाठविले त्यांत इथिओपियाही होता. ज्याच्या हाकेस कोणी वेळेवर ओ दिली नव्हती, तो दुसऱ्याच्या हाकेस धावून गेला. आपल्यास मिळाले नाही म्हणून दुसऱ्यास देऊ नये, असा हिशेब त्याने मांडला नाही.

परचक्र आपल्या दारी नाही, तोवर विचार करण्यास अवसर आहे. तो अवसर ईश्वराने दिलेला आहे, आणि तो झोपेसाठी दिलेला नाही.